तांबटाचा डावा हात: चांदीतल्या छोट्या माणसाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

बरेच महिने डोक्यात होतं ते आज सुरू केलं. चांदीत छोटी छोटी माणसं करायची, आणि ती कामावर असलेली. देव नाही, राजे नाहीत, नाचणाऱ्या बायका नाहीत, हे सगळं आमच्या धंद्यात भरपूर होतं. दिवसभर मी कॉम्प्युटरवर अंगठ्या आणि पेंडंटची डिझाईन्स करते, संध्याकाळी घरी आलं की हात रिकामे रिकामे वाटतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी हाताने मेण कोरायला शिकले (आधी मेणाचा नमुना कोरायचा, मग त्याच्या जागी चांदी ओतायची) आणि आता त्याचं काहीतरी नीट करायचंय.

पहिलं माणूस तांबट, तांब्याची भांडी ठोकून घडवणारा. पुण्यात कसबा पेठेत राहून दुसरं कोण सुचणार. रोज सकाळी तांबट आळीवरून जाते तेव्हा आधी आवाज येतो आणि मग दुकानं दिसतात. लहानपणी हा आवाज सगळीकडून यायचा असं आई सांगते, आता दोन-चार ठिकाणहून येतो, पण येतो.

साईझ ठरवला. १:२० स्केल. म्हणजे बसलेला माणूस डोक्यापर्यंत साधारण ८६ सेंटीमीटर धरला तर माझा होईल ४३ मिलिमीटर. हातोडीचा दांडा खऱ्यात २५ मिमी जाड, माझा सव्वा मिमी. बोट १८ मिमी, माझं ०.९. हे आकडे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलेत, कारण छोटं काम करताना डोळा फसवतो आणि हात नेहमी जाडच करत जातो.

मेण हिरवं घेतलंय, कडक वालं. निळं मऊ असतं, वाकतं, पण बारीक बोटं त्यात राहत नाहीत.

१२ जानेवारी, रविवार

आठवडाभर रोज रात्री दीड-दोन तास. ढोबळ आकार झाला. मांडी घालून बसलेला, पुढे घागर, उजवा हात वर, हातात हातोडी. फोटो काढून बघितले, चांगलं वाटलं, पाठीचा कणा छान आलाय, खांदा पण.

आईला दाखवलं. तिने चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाली, "हा कुणाला मारतोय?"

मी म्हणलं घागर ठोकतोय. ती म्हणाली, "घागर राहू दे बाजूला, हात बघ ना त्याचा."

मग मी घागर काढून नुसता माणूस बघितला आणि आईचं बरोबर होतं. हात डोक्याच्या वर गेला की तो माणूस भांडायला उठलेला दिसतो. किंवा गदा घेतलेला मारुती. काम करणारा दिसत नाही.

हात खाली घेऊन बघितला (मेण गरम सुरीने कापून परत जोडता येतं), आता हातोडी घागरीला टेकलेली. आता तो झोपलेला दिसतोय. मधे कुठेतरी ठेवला तर काहीच कळत नाही, हातोडी हवेत लटकलेली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. हळदीकुंकवाला बायका येऊन गेल्या, त्यात एकीने तीन तांब्याच्या वाट्या लुटल्या, हाताने ठोकलेल्या नाहीत, मशीनच्या. आतून बोट फिरवलं की कळतं, एकदम गुळगुळीत, एकाच जाडीच्या. हातोडीचं भांडं बोटाला खवल्यासारखं लागतं.

१९ जानेवारी, रविवार

आज आळीत जाऊन एका काकांकडे दोन तास बसले. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. सत्तरीच्या पुढचे आहेत. आधी त्यांना वाटलं मी व्हिडिओ काढायला आलीये, असे बरेच येतात म्हणे, वीस मिनिटं कॅमेरा लावतात आणि जातात. मी खिशातून मेणाचा माणूस काढला तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

त्यांनी तो तळहातावर घेतला आणि पहिलं विचारलं, "डावा हात कुठाय याचा?"

डावा हात होता. मांडीवर ठेवला होता मी. कारण माझं सगळं लक्ष हातोडीच्या हाताकडे.

मग त्यांनी करून दाखवलं. हे मी शब्दशः लिहून ठेवतेय कारण हे कुठल्याच फोटोत मला दिसलं नव्हतं. लाकडाच्या ओंडक्यात लोखंडाची जाड मेख पक्की बसवलेली असते, तिचं टोक गुळगुळीत घासलेलं. भांडं त्या टोकावर आतून चढवायचं. म्हणजे तांब्याचा पत्रा मधे, आतून मेख, बाहेरून हातोडी. आता हातोडी पडते ती कायम एकाच जागी, बरोबर मेखेच्या डोक्यावर. हातोडी फिरत नाही. भांडं फिरतं. प्रत्येक ठोक्यानंतर डावा हात भांडं एक बोटभर सरकवतो, आणि तेवढंच सरकवतो, आणि एक फेरा पूर्ण झाला की भांडं थोडं पुढे घेऊन दुसरी ओळ. मठारकाम म्हणतात ते हेच, ते जे खवल्या खवल्यांचं चकाकणारं दिसतं ते. दिसायला नक्षी, पण ठोके खाऊन पत्रा दाबला जातो, घट्ट होतो आणि भांडं कडक होतं, त्याला लवकर पोचे पडत नाहीत. भांडं जरा जास्त सरकलं तर मधे मोकळी जागा राहते, कमी सरकलं तर ठोक्यावर ठोका. आणि भांडं मेखेवरून जरा जरी उचललं गेलं तर ठोका पोकळ जागी पडतो आणि सरळ खड्डा.

काका म्हणाले, "उजवा हात नुसता पडतो गं. काम डावा करतो."

आणि उजवा हात खांद्यातून उचललाच जात नाही! कोपर जवळजवळ अंगाला, मनगट हलतं, हातोडी स्वतःच्या वजनाने पडते आणि उडते. मी विचारलं वर का नाही नेत, तर म्हणाले दिवसभर करायचंय, हात डोक्यावर नेला तर जेवायच्या सुट्टीपर्यंत पण टिकणार नाही. हे इतकं साधं आहे आणि मी दोन आठवडे चुकीच्या हातावर घालवले.

अजून एक बघितलं. ते ठोकताना हातोडीकडे बघत नाहीत. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या पुढे बघतात, जिथे पुढचा ठोका यायचाय तिथे. आणि मान किंचित उजवीकडे कललेली. विचारलं तर म्हणाले आवाज ऐकतो, मेखेवर नीट बसलेल्या ठोक्याचा आवाज वेगळा, पोकळ ठोक्याचा वेगळा.

निघताना बाहेर वडावर तांबट पक्षी टुक टुक करत होता, त्या पक्ष्याला हे नाव या आवाजावरूनच पडलंय, आणि आत काका परत सुरू झाले होते. थोडा वेळ थांबून दोन्ही ऐकले. काकांची लय पक्ष्याइतकी सारखी नाही, मधे मधे अर्धा क्षण जास्त जातो. त्या अर्ध्या क्षणात डावा हात भांडं पुढच्या ओळीला घेत असतो.

२६ जानेवारी, रविवार

जुना मेणाचा माणूस वितळवला नाही, डबीत ठेवलाय. नवीन सुरू.

सुट्टी होती म्हणून सकाळपासून बसले. श्रमाची शिल्पं म्हणलं की मला आधी चेन्नईच्या मरीना बीचवरचं आठवतं, देवीप्रसाद रॉय चौधरींचं, चार माणसं मोठा दगड हलवतायत, १९५९ सालचं. कॉलेजच्या ट्रिपला बघितलं होतं. तिथे सगळं अंग ताणलेलं, पाय, मांड्या, पाठ, आणि ते तिथे खरं आहे कारण दगड हलवायला सगळं अंग लागतं, आणि रस्त्यावरून गाडीतून जाणाऱ्याला पण ते कळायला हवं. माझ्या नकळत मी तेच ४३ मिलिमीटरमध्ये करायला गेले होते. पण तांबटाचं काम तसं नाहीये. त्याचं अंग स्थिर असतं. कष्ट ताकदीचे कमी आणि तेवढंच परत परत करण्याचे जास्त. आठ तास तोच ठोका, तीच सरकवणी, तीच मान. ते स्नायूंनी दाखवता येत नाही.

म्हणून ठरवलं: उजवा हात खाली, हातोडी घागरीपासून जेमतेम ४ मिमी वर (म्हणजे खऱ्यात ८ सेंटीमीटर). डावा हात घागरीच्या गळ्यापाशी, अंगठा वर, चार बोटं आत. मान उजवीकडे. डोळे अंगठ्याच्या पुढे. पाठीला पोक. खांदे एकसारखे नाहीत, डावा जरा खाली. काकांचा आहे तसा.

२ फेब्रुवारी, रविवार

मेण थंड व्हायला वेळ लागत होता म्हणून बाजीराव रस्त्यावर केळकर संग्रहालयात जाऊन आले, लहानपणी शाळेच्या सहलीत धावत बघितलेलं. दिनकर केळकरांनी घराघरातल्या रोजच्या वस्तू जमवल्या, अडकित्ते, दिवे, दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी. अडकित्त्यांसमोर मी अर्धा तास उभी होते. सुपारी कातरायच्या वस्तूवर लोकांनी पोपट काढलेत, घोडे काढलेत, जोडपी काढलीत. वस्तू रोजच्या कामाची आणि तिच्यावरचं चित्र मात्र हौसेचं. अडकित्ता घडवणाऱ्या लोहाराचं चित्र मात्र मला एकाही अडकित्त्यावर सापडलं नाही, मी शोधत होते.

कामावरची माणसं चांदीत कुणी केलीच नाहीत असं नाही. इंग्रजांच्या काळात कलकत्त्याला, भवानीपूरच्या कारागिरांकडे, चहाच्या किटल्यांवर अख्खं खेडं उठवायचे, नांगर, बैलगाडी, विहिरीवरच्या बायका, ताडाची झाडं. त्याच काळात आपल्या पुण्याच्या चांदीकामावर मात्र देवदेवता असायच्या. आणि त्याच्याही आधी, सतराव्या-अठराव्या शतकात, अ‍ॅमस्टरडॅमला चांदीच्या अंगठ्याएवढ्या वस्तू करायचे, खुर्च्या, चुली, आणि माणसं पण. मी त्यांचे फोटो खूप बघितले. कलकत्त्याचं उठावकाम हाताला अप्रतिम आहे, पण किटलीला गोल फेरी मारणारी ती माणसं शेवटी किनार होतात, साडीच्या काठावरच्या मोरांसारखी. कुणीच एका कामात गुंतलेलं नाही. विहिरीवरच्या बाईच्या हाताला दोर काचत नाही.

मला एकच माणूस हवाय आणि त्याचं एकच काम.

९ फेब्रुवारी, रविवार

मेण पूर्ण. वजन ६.६ ग्रॅम. मेणाच्या वजनाला साधारण अकराने गुणलं की ९२५ चांदीचं (साडेब्याण्णव टक्के चांदी, बाकी तांबं) वजन येतं, म्हणजे ७२-७३ ग्रॅम. हे जास्तच आहे, पैशाने पण आणि कामाने पण. चांदी गोठताना आकसते, पातळ भाग आधी गोठतात, जाड भाग शेवटी, आणि जाड भागाला तेव्हा मागून रस मिळाला नाही तर आत भोकं भोकं राहतात. माझ्या माणसाचं धड म्हणजे एक घट्ट गोळा आहे.

मग खालून कोरून पोकळ केला. मायक्रोमोटरला (हातात धरायचं छोटं ड्रिल) कोरायचं गोल टोक लावून, मांडीच्या खालून आत शिरायचं, आणि दर मिनिटाला दिव्यासमोर धरून बघायचं. हिरवं मेण पातळ झालं की उजेड आरपार दिसायला लागतो, त्या रंगावरून जाडी कळते. साधारण १.२ मिमी भिंत ठेवली. ४.१ ग्रॅमवर आले. म्हणजे चांदी ४५ ग्रॅम.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रविवार पेठेत कास्टिंगला दिला होता, आज मिळाला. फसला.

तिथले दादा बंगालचे, वीस वर्षं पुण्यात आहेत, त्यांनी आधीच सांगितलं होतं हातोडीचा दांडा भरणार नाही. मी म्हणलं बघू. दांडा अर्धाच भरला, हातोडीचं डोकं आलंच नाही. ते एकवेळ चाललं असतं. पण पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, बारीक बारीक भोकांचा पट्टा, सुईने टोचल्यासारखा. घासत गेलं की अजून भोकं निघतात.

चूक कास्टिंगची नाही. रस आत जायची दांडी मी गुडघ्याला लावून दिली होती कारण तिथे घासायला सोपं. गुडघा बारीक. गुडघा आधी गोठला, दार बंद झालं आणि मागे खांदा उपाशी राहिला. दांडी कायम सगळ्यात जाड भागाला लावायची, म्हणजे तिथूनच शेवटपर्यंत रस येत राहतो. हे मला माहीत होतं, अंगठ्यांना रोज करतो आम्ही.

आणि मेण एकदाच असतं. भट्टीत ते जळून जातं, आणि जिथे मेण होतं तिथे चांदी जाते. फसलं की दोन आठवड्यांचं हात, डोळे, बोटं सगळं गेलं. रात्री जेवले नाही नीट. शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आठवत होता, वि. पां. करमरकरांचा, १९२८ चा, तो एवढा अवाढव्य ब्राँझचा पुतळा एका ओतात ओतलाय. त्या रात्री त्या लोकांना काय वाटलं असेल हे मला आज पहिल्यांदा कळलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

परत कोरायला घेतला. एक बरं आहे, हाताला आता रस्ता माहितीये. मागच्या वेळी डाव्या हाताला चार रात्री लागल्या, आज सकाळी तीन तासांत अंगठा आणि दोन बोटं झाली, आणि पहिल्यापेक्षा चांगली, कारण या वेळी अंगठा नुसता ठेवलेला नाही, ढकलतोय. अंगठ्याचं पहिलं पेर किंचित मागे वाकलंय. एवढंच, पण त्याने फरक पडला.

या वेळी हातोडी वेगळी करणार. उजव्या मुठीत सव्वा मिमीचं भोक ठेवायचं, नंतर तार घालून झाळायची.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्र, सुट्टी टाकून मेण संपवलं. आज सगळ्यात आधी सिलिकॉनचा साचा काढला. आता फसलं तर साच्यातून दुसरं मेण निघेल, बोटं थोडी मऊ येतील पण पहिल्यापासून सुरुवात नाही. हे आधीच करायला हवं होतं, नवीन कुणी हे काम करत असेल तर साचा आधी, कास्टिंग नंतर, प्लीज.

दांड्या दोन लावल्या. एक जाड, बुडापाशी, पोकळीच्या काठाला. दुसरी पाठीला डाव्या खांद्याखाली. पाठीवरची घासून परत पोत आणायला एक अख्खा दिवस जाईल, जाऊ दे.

४ मार्च, मंगळवार

आला! अख्खा आला. ४६ ग्रॅम, दांड्या कापून.

दादांकडे मी या वेळी थांबले होते. प्लास्टर भरलेला फ्लास्क (धातूचा नळा, आतल्या प्लास्टरमध्ये माझं मेण) रात्रभर भट्टीत होता, हळूहळू चढवत ७३० अंशांपर्यंत नेतात, त्याच्यावर नेलं तर प्लास्टरमधलं जिप्सम फुटायला लागतं आणि त्यातला गंधक चांदीला लागतो. मग फ्लास्क थोडा उतरवतात, मुशीत चांदी वितळवतात, वर टाकणखाराची चिमूट, आणि व्हॅक्यूमवर ओततात. ओतायला जेमतेम दोन सेकंद लागतात. त्यानंतर दादा फ्लास्ककडे बघत नाहीत, वर उरलेल्या चांदीच्या गोळ्याकडे बघतात, त्याचा लाल रंग जाईपर्यंत, आणि मग पाण्यात. फ्लास्क पाण्यात गेला की प्लास्टर उकळल्यासारखं फुटतं आणि त्या पांढऱ्या चिखलातून दादांनी चिमट्याने माझा माणूस काढला. राखाडी, खरखरीत, बुडाला आणि पाठीला दांड्यांची एकेक शिंगं. डावा अंगठा शाबूत. दादांनी पण आधी अंगठाच बघितला, कारण मी त्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं.

९ मार्च, रविवार

हातोडी झाळली. चांदीची तार ओढून, डोकं चौकोनी पट्टीतून कापून. हार्ड सोल्डर, बारीक दोन तुकडे. मुठीपाशी आच द्यायची आणि बोटांना लागू द्यायची नाही, ९२५ चांदी ८०० अंशांच्या आसपास वितळायला लागते आणि हे सोल्डर त्याच्या फारसं खाली नाही, मधे थोडीच जागा. बोटांवर ओल्या रुमालाचा तुकडा गुंडाळला होता. झालं.

मग तुरटीच्या पाण्यात उकळला, आणि पाठीवर, छातीवर जांभळट लाल डाग. चांदीत साडेसात टक्के तांबं असतं ना, ते आचेला हवा खातं आणि कातडीच्या खाली डाग धरतं. बोरिक पावडर नीट लावली असती तर कमी झालं असतं. आता हे घासल्याशिवाय जात नाही. तीन तास ६०० नंबरचा पॉलिश कागद, मग १२००, काडीला गुंडाळून, बरगड्यांच्या मधे.

घासता घासता एक विचार आला आणि मी डाव्या खांद्यावरचा एक डाग तसाच ठेवला. तांबटाच्या अंगावर तांब्याचा डाग. कुणाला दिसणार नाही कदाचित. मला माहितीये.

१६ मार्च, रविवार

घागर. ही चांदीची नाही करायची हे पहिल्यापासून पक्कं होतं. खऱ्या तांब्याची.

काकांनी ०.३ मिमीचा पत्रा दिला, पैसे घेतले नाहीत. १८ मिमी व्यासाची घागर, उंची १४. दोन भागांत, बुडाचा आणि गळ्याचा, खऱ्या घागरीसारखंच. पत्रा थोडा ठोकला की कडक होतो, मग ताव द्यायचा, मंद लाल होईपर्यंत, आणि पाण्यात बुडवायचा, की परत लोण्यासारखा. बुडाचा भाग उठवायला सात वेळा ताव दिला. आठव्यांदा द्यायला हवा होता, नाही दिला, कड चिरली, परत पहिल्यापासून. जोड चांदीच्या सोल्डरने मारला, पांढरी बारीक रेघ दिसते, ती राहू दिली.

मठार. खऱ्या खवल्याचा साईझ साधारण १२ मिमी, माझा ०.६. तारेचा खिळा घासून टोक गोल केलं आणि चकचकीत केलं. मेख म्हणून जुन्या स्क्रूड्रायव्हरचा दांडा वाकवून, घासून. आणि मग बसले. घागरीच्या पोटाशी सगळ्यात रुंद ओळ, परीघ ५६-५७ मिमी, म्हणजे ९४ ठोके. मी मोजले, ९१ झाले. तीन ठिकाणी जास्त सरकवलं.

दुसऱ्या ओळीला मला कळलं की उजव्या हाताकडे माझं लक्षच नाहीये. तो पडतोय. सगळा जीव डाव्या हाताच्या अंगठ्यात आलाय, अर्धा मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर. आणि मान कधी उजवीकडे गेली माहीत नाही. आई आत येऊन बघत उभी होती, ती म्हणाली, "तशीच बसलीयेस बघ."

पूर्ण घागरीला चार संध्याकाळी लागतील.

२३ मार्च, रविवार

घागर झाली. आता ती बसवायची कशी. झाळली तर आचेने तांबं काळं पडेल आणि जिथे सोल्डर वाहील तिथे मठार भरून जाईल. चिकटवायची नाही, चिकटवलेलं मला खोटं वाटतं.

शेवटी खऱ्यासारखंच केलं. मेख सागाच्या ओंडक्यात रोवलेली, चांदीची, घागर तिच्यावर आतून चढवलेली, आतल्या बाजूला बारीक रिव्हेट सैल ठोकलेला. सैल म्हणजे मुद्दाम. घागर फिरते! बोटाने ढकललं की डाव्या हाताखालून सरकते, हाताला जेमतेम घासत. हे कागदावर नव्हतं, रिव्हेट ठोकताना सुचलं, आणि आता वाटतंय की याच्याशिवाय काय केलं असतं.

काळं करणं: गंधकाचं पाणी कोमट करून ब्रशने, घडींमध्ये, बरगड्यांत, बोटांच्या मधे, मग वरून पुसून घ्यायचं. तांबं चांदीच्या कितीतरी आधी काळं पडतं म्हणून घागर काढून ठेवूनच केलं. चेहऱ्याला जवळजवळ काहीच नाही लावलं. शेवटी रिठ्याच्या पाण्यात मऊ टूथब्रशने धुतला. बफ मारला नाही. चकाकी फक्त चार ठिकाणी ठेवली जिथे माणसाचं खरंच घासून गुळगुळीत होतं: हातोडीचं डोकं, मेखेचं टोक, गुडघा, आणि डाव्या हाताचा अंगठा.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभी केली. गुढीवरचा तांब्या आजीचा, मठाराचा, ऊन पडलं की प्रत्येक खवला वेगळा चमकतो. इतकी वर्षं तो पालथा घातला आणि कधी ओळी मोजल्या नाहीत. आज मोजल्या, पोटापाशी एकही ठोका चुकलेला नाही.

अकराच्या सुमाराला काकांकडे गेले, श्रीखंड घेऊन. दुकान बंद होतं, घर वरच. माणूस रुमालातून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चेहरा बघितलाच नाही. खिडकीपाशी नेला, करंगळीच्या नखाने घागर हळूच ढकलली, थांबले, परत ढकलली, असं करत अख्खा एक फेरा फिरवला. त्या तीन चुकलेल्या ठिकाणी तिन्ही वेळा थांबले. काही बोलले नाहीत. काकूंना हाक मारली, "बघ गं, फिरतीये." काकूंनी पण फिरवून बघितली.

मग बराच वेळ त्यांनी खालून, बाजूने बघितलं आणि विचारलं, "आणि गोणपाट?"

मी म्हणलं कसलं.

"बसलाय कशावर हा? नुसत्या फरशीवर कोण बसेल दिवसभर. कंबर धरेल त्याची."

काकांच्या खाली दर वेळी चारपदरी घडी घातलेलं गोणपाट होतं. माझ्या फोटोत पण आहे ते, मी परत उघडून बघितलं, जानेवारीतल्या पहिल्या फोटोत एका कडेचे धागे सुटलेले दिसतात. तीन महिने मी त्या माणसाची बोटं मोजत होते.

२ एप्रिल, बुधवार

गोणपाटाचा खरा तुकडा मेणात दाबून बघितला, विण फार मोठी येते, १:२० ला एकेक धागा दोरखंडासारखा दिसतो. मग बँडेजची जाळी, ती पण मोठी. शेवटी आईच्या जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा, मेणाची पातळ पट्टी कोमट करून त्यावर अंगठ्याने दाबला, उचलला, आणि विण बरोबर आली. पट्टी चार पदरी घडी घातली, कडेला सुईने दोन-तीन धागे सोडवले. मधे खळगा केला, जिथे तो बसतो तिथे दबलेलं हवं, कारण ते गोणपाट काही आजचं नाही. वजन ०.७ ग्रॅम. साचा काढून झालाय, सिलिकॉन रात्रभर बसेल, उद्या सकाळी कामावर जाता जाता मेण दादांकडे देते.